मनकर्णाबाईंनी पोथीची चाल सोडली

"मनकर्णा, तुझ्या वाचण्यात लढाई बी तशीच अन् बारसं बी तसंच. ऐकणाऱ्याला कळंना, माणूस मेलं का जन्मलं."

"देवाचं असतंय ते, जैतुनबी. त्याला काय नाटकवाल्यावानी हातवारे करून वाचायचं व्हय?"

"कल का कहाँ देव का था? किस्से की किताब थी. मी भिंतीआडून ऐकली ना."

"छापलेलं समदं सारखंच."

"सारखंच? तुझा नवरा तुला 'इकडं ये' म्हणायचा, ते बी रोज सारखंच होतं का?"

 मग मनकर्णाबाई म्हणाल्या, "माझा नवरा 'इकडं ये' म्हणायच्या आधीच गेला."

हे भांडण मी आमच्या मागल्या दारात ज्वारी निवडत ऐकलं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी बिडकीनकडची, नुकतीच लग्न होऊन बेगमपुऱ्यात आले होते. नव्या सुनेला तोंड उघडायची मुभा नसते, म्हणून तिचे कान लई तयार होतात. माझे तर इतके झाले की शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय तेही मला ऐकू यायचं.

त्या दिवसापासून दोघींचा अबोला. ईदेला जैतुनबीकडून शिरखुर्म्याची वाटी आली, संक्रांतीला मनकर्णाबाईंकडून तीळगूळ गेला, पण वाट्या मुक्यानंच आल्या-गेल्या.

मनकर्णाबाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. गल्ली त्यांना आक्का म्हणायची. बुटक्या, चालायला चपळ, अन् एका जागी चहाचा दुसरा कप कधी घ्यायच्या नाहीत. लहानपणी भावाच्या पाटीवरून अक्षरं चोरून शिकल्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. लग्न झालं अन् वर्षाच्या आत कुंकू गेलं. पुढं आमच्या अन् जैतुनबीच्या घराच्या मधल्या एका खोलीत एकट्या राहिल्या, कुणाच्या शेवया करून दे, कुणाचे पापड लाटून दे, अन् श्रावणात घरोघर पोथी वाच. पोथीचा शिधा मिळायचा, मानही मिळायचा. विधवा बाईला त्या काळी मान मिळायची तेवढी एकच जागा होती, पोथीमागची.

आता ज्यांनी पोथी ऐकली नाही त्यांना सांगते. पोथी वाचायची एक चाल असते. ओवीच्या शेवटाला सूर जरा वर न्यायचा अन् हळूच खाली सोडायचा, जसा विहिरीत पोहरा सोडावा. त्या चालीत काहीही घातलं तरी ऐकणाऱ्याचे हात आपसूक जुळतात. मी एकदा घरात कुणी नसताना त्या चालीत 'मीठ संपलंय, तेल संपत आलंय' म्हणून पाहिलं. माझेच डोळे मिटले.

निजामाच्या राज्यात शाळा, कचेरी सगळं उर्दूत. पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठी पुस्तकं, मासिकं बाजारात दिसू लागली. गुलमंडीच्या बाजूला एक वाचनालय होतं. आमच्या समोरच्या लक्ष्मीबाईंचे यजमान नानासाहेब त्याचे सभासद. त्यांच्या नावावर पुस्तक यायचं अन् ते आणायचं-पोचवायचं काम आक्कांकडं. दर शुक्रवारी दुपारी लक्ष्मीबाईंच्या ओसरीत आम्ही बाया गोधड्या घेऊन बसायचो अन् आक्का वाचायच्या. पोथी असो, गोष्ट असो, चाल तीच. त्यांना दुसरी ठाऊकच नव्हती. कुणालाच नव्हती. वाचायचं म्हणजे असंच, असं आम्ही धरून चाललो होतो. जैतुनबी तेवढी म्हणाली अन् तिच्याशी अबोला झाला.

लक्ष्मीबाईंचं घर गल्लीत मोठं, बिडकीनला जमीन. बाई वाईट नव्हत्या. त्यांना त्यांच्या सासूनं जसं वागवलं त्यापेक्षा त्या सुनेला जरा बरं वागवायच्या, अन् तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. सून द्वारका खुलताबादची, माझ्याच वयाची. हसायला लागली की गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं. तिला दिवस गेले होते.

त्या पावसाळ्यात आक्कांनी एका मासिकाचा अंक आणला. त्यात गोष्ट होती एका सुनेची. मला ती अजून तोंडपाठ आहे, एवढ्यांदा ऐकली.

'एका घरी एक सून होती. ती कोंबड्याच्या आधी उठे, त्यामुळे त्या घराला कोंबडा पाळावा लागला नाही. सर्वांची जेवणे झाल्यावर भाकरी उरली तर ती खाई. न उरली तर तव्याचा वास घेई आणि तृप्त होई. एकदा पायावर कढत पाणी सांडले, तेव्हा ती ओरडली नाही, कारण सासूबाईंचा नुकताच डोळा लागला होता. अशा सुनेमुळे घराचा किती खर्च वाचतो हे अनुभवाशिवाय कळायचे नाही.' असं करत करत शेवटी, 'ती लौकरच वारली. तिच्या तेराव्याला सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लाडू वळले. लाडू फार छान झाले होते.'

आक्कांनी सूर वर नेला, हळू खाली सोडला. 'लाडू फार छान झाले होते.' आम्ही सगळ्यांनी हात जोडले. दगडाबाई म्हणून एक म्हातारी शेजारीण होती, तिनं तर डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "बघा बया, कशी पुण्यवान सून. तिच्या तेराव्याचे लाडूसुदिक बिघडले नाहीत."

लक्ष्मीबाईंनी तिथंच ठरवलं. "मनकर्णा, ह्ये दर शुक्रवारी वाचायचं. द्वारकेच्या कानावर पडू दे. पोटातल्या लेकराच्या बी पडू दे."

पुढल्या शुक्रवारी मासिक चौरंगावर. त्याला हळदीकुंकू, एक फूल, अन् प्रसादाला फुटाणे. वाचनालयानं अंक परत मागितला तर नानासाहेबांनी 'घरात कुठं दिसेना' म्हणून निरोप दिला. देव्हाऱ्यात ठेवलेली वस्तू दिसत नसते, हे खरंच आहे.

शुक्रवारामागून शुक्रवार गेले. द्वारकेचं हसणं आधी कमी झालं, मग बंदच झालं. कोंबड्याच्या आधी उठायची. पायाला सूज आली तर लुगडं खाली ओढून घ्यायची. सातव्या महिन्यात ओटी भरली, तिचे वडील खुलताबादहून तिला न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीतच आहे. तर ही पोर दाराआडून म्हणाली, "अण्णा, मी नाय येत. आत्याबाईंची कामाची खोटी व्हईल."

बाप चहा पिऊन परत गेला. गल्लीत जो तो द्वारकेचं कौतुक करायला लागला. "पारायणाचं फळ," दगडाबाई म्हणाली. लक्ष्मीबाईही खूश, पण मी त्यांना एकदा द्वारकेच्या तोंडाकडं बघताना पाहिलं. दुधावर साय कामून धरंना असं बाई पातेल्याकडं बघते, तशा बघत होत्या.

एका शुक्रवारी आक्का जरा लौकर गेल्या. ओसरीत कुणी नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरात डोकावल्या. द्वारका चुलीपुढं बसलेली. सगळ्यांची जेवणं उरकलेली, दुरडी रिकामी, अन् पोरीनं उतरवलेला तवा नाकापाशी धरलेला.

"काय करायलीस गं?"

"काई नाय आक्का. वास घ्यायले."

"कशाचा?"

"तव्याचा. गोष्टीतल्या बाईचं पोट भरायचं. माझं कामून भरंना?" अन् मग खाली बघून म्हणाली, "माझ्यातच काई खोट असंल."

हे मला द्वारकेनंच पुढं सांगितलं. आक्का तशाच मागं फिरल्या. ओसरीत आल्या, चौरंगावरचा अंक उचलला, फूल बाजूला ठेवलं अन् तेवढ्यात आलेल्या लक्ष्मीबाईंना म्हणाल्या, "आज घसा धरलाय. येत्या शुक्रवारी वाचीन." घसा चांगला खणखणीत होता. तिथून निघाल्या त्या सरळ जैतुनबीच्या दारात.

मी मागल्या दारात होतेच. त्या दिवशी काय निवडत होते ते आठवत नाही, पण निवडत होते.

जैतुनबीचा नवरा हिमरूचं कापड विणायच्या मागावर कामाला होता, ती घरी बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. चरख्याचा आवाज थांबला.

"अबोला खतम?"

"नाय. काम हाय म्हून आले."

"बोल."

"ह्ये लिहिणारा देवमाणूस हाय का कसाई, तेवढं सांग."

"मेरेकू तुझी मराठी पढ़ने कू नहीं आती."

"ऐकायला येती ना? ऐक."

आक्कांनी सुरू केलं. चालीत. दोन वाक्यं झाली असतील, जैतुनबी म्हणाली, "रुक. गाऊ नको. हौदावर पाण्याला गेल्यावर तू लक्ष्मीबाईबद्दल जशी बोलती ना, तशी बोल."

"मी कुठं बोलते कुणाबद्दल?"

"बोलती. मी बाजूलाच घडा भरते."

आक्का जरा घुटमळल्या. मग बोलल्यासारखं वाचलं, 'त्यामुळे त्या घराला कोंबडा पाळावा लागला नाही.' अन् जैतुनबी खळखळून हसली. आक्का म्हणाल्या, "हसायला काय झालं? एवढे दिस कुणी हसलं नाय."

"आगे पढ़."

पुढं तव्याशी जैतुनबीचं हसणं अडकलं. कढत पाण्याशी ती गप्पच झाली. लाडू आले तेव्हा हातातली कांडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अब्बा मागावरच्या लोकांना किस्से पढ़के सुनाते थे," जैतुनबी म्हणाली. "लोकांचे हात मागावर, कान अब्बाकडं. अब्बा म्हणायचे, पहले देखो, लिखनेवाला किस मुँह से बोल रहा है. फिर देखो, सुननेवाले के दिल में क्या गिरता है. दोन्ही एकच असतंय असं नाय. ह्याचं तोंड हसतंय बघ, मनकर्णा. अन् आपल्या काळजात निखारा पडायला."

"म्हंजे त्याला ती सून चांगली वाटत नव्हती?"

"त्याला तिची दया येत होती. अन् सासूवर, घरावर, समद्यांवर राग. पण राग ओरडून नाय सांगितला. गोड बोलून सांगितला. तुझी आई कधी 'खा बाई, अजून खा, बापाचं घर हाय' असं म्हणली नाय का? ते काय खायला सांगणं होतं?"

 मग आक्कांचा आवाज आला, बारीक. "त्यानं सासूला जागं करायला लिहिलं. अन् मी इतके शुक्रवार तिला अंगाई म्हणत बसले."

पुढल्या आठ दिवसांत आक्कांनी काय केलं, ते भिंतीपलीकडून मी रोज ऐकलं. त्या ती गोष्ट स्वतःशी बोलून बघायच्या. पण तीस वर्षांच्या वयात जिभेला पडलेलं वळण. वाक्याच्या शेवटाला सूर चढायचाच. मग मांडीवर चापट मारल्याचा आवाज यायचा अन् पुन्हा पहिल्यापासून. कधी आवाज फारच चढायचा, जशी काही लक्ष्मीबाईंना शिवी देतायत. मग पलीकडून जैतुनबी ओरडायची, "इतना नहीं. गोड, गोड." अबोला तेवढ्यात कधी सुटला, दोघींनाही कळलं नाही.

मी धीर करून विचारलं, "आक्का, सरळ सांगून का टाकत नाय लक्ष्मीमावशींना?"

"मी सांगितलं तर ते मनकर्णा सांगती असं व्हईल," त्या म्हणाल्या. "विधवेचं कोण ऐकतं? छापलेलं ऐकतात. मग छापलेलंच नीट ऐकवावं."

अन् त्यांना भीती नव्हती असं कुणी समजू नये. लक्ष्मीबाईंचं घर तुटलं तर श्रावणातला निम्मा शिधा तुटणार होता, अन् 'आक्का देवाचं वाचतात' हा मानही. दुसरीकडं द्वारकेच्या पायाची सूज घोट्याच्या वर आलेली.

शुक्रवार आला. चौरंग, हळदीकुंकू, फुटाणे, सगळं नेहमीसारखं. द्वारका रीतीप्रमाणं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. आक्कांनी अंक उघडला अन् बोलायला लागल्या.

दगडाबाई म्हणाली, "आक्का, चाल लाव की. घसा आजून धरलाय व्हय?"

आक्का थांबल्या नाहीत. शेजारणीला शेजारचं सांगावं तसं, जरा मान कलती करून, '...त्यामुळे त्या घराला कोंबडा पाळावा लागला नाही.'

फिस्सकन हसू आलं. कुणाचं म्हणून आम्ही मागं वळून पाहिलं, तर द्वारकेचं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण एवढ्या महिन्यांचं साठलेलं हसू, ते काय पदरानं थांबतंय. मग मला आलं. मग सगळ्यांना. 'घराचा किती खर्च वाचतो'ला दगडाबाईसुद्धा हसली, अन् हसता हसता लक्ष्मीबाईंकडं बघून गप्प झाली.

आक्का मात्र हसल्या नाहीत. तव्याच्या वाक्याला त्यांनी क्षणभर अंकावरनं मान वर केली, उंबऱ्याकडं बघितलं अन् मग वाचलं. शेवटाकडं आल्या तेव्हा ओसरीत सुईसुद्धा चालत नव्हती. 'तिच्या तेराव्याला सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लाडू वळले.' अन् मग अगदी साध्या आवाजात, सणाला आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं, 'लाडू फार छान झाले होते.'

कुणी हात जोडले नाहीत.

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मनकर्णा, ह्ये असंच छापलंय का तू मधी काई घातलंस?"

"एक अक्षर बदललं नाय."

"मग इतके दिस?"

"इतके दिस मी गात व्हते. चूक माझी हाय."

लक्ष्मीबाई चौरंगाकडं बघत बसल्या. फुटाण्याची वाटी त्यांच्या हातात होती ती तशीच. मला वाटलं, आता आक्कांना पायरी दाखवतात. त्या उठल्या, द्वारकेला ओलांडून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, चूल फुंकल्याचा आला. बराच वेळ लागला. ताज्या दोन भाकरी, पिठलं अन् वर तुपाची धार असं ताट घेऊन बाहेर आल्या अन् सगळ्यांदेखत सुनेच्या पुढ्यात ठेवलं.

"खा," म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, खडा. "माझ्या हातचे लाडू कधीच छान व्हत नाहीत."

द्वारका जेवेपर्यंत आम्ही सगळ्याजणी बसून राहिलो. कुणी टाका घातला नाही.

दोन दिवसांत द्वारका खुलताबादला गेली. लक्ष्मीबाई स्वतः पोचवायला गेल्या. मुलगा झाला, सावळा अन् लई रडका, दोघं धडधाकट. आक्कांनी अंक वाचनालयात परत नेऊन दिला. कव्हरावर हळदीकुंकवाचे थर. तिथल्या माणसानं अंक उलटसुलट करून पाहिला अन् काही न विचारता ठेवून घेतला.

आक्कांचा शिधा तुटला नाही. उलट शुक्रवारला बाया वाढल्या. श्रावणात पोथी चालीतच वाचायच्या, कारण पोथी गायलाच लिहिलेली आहे. पण गोष्टीचं पुस्तक आलं की आधी घरी एकट्यानं तोंडात घोळवायच्या. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, हसत का जळत, हे सापडेपर्यंत आम्हाला ऐकवायच्या नाहीत. कधी म्हणायच्या, "ह्यो लेखक फार रडतोय गं, पण मला काई रडू येईना. कच्चा दिसतोय." कधी एखाद्या साध्या पानावर थांबायच्या. 'तो दार लावून गेला', बस, एवढंच. म्हणायच्या, "बघा, ह्यानं काईच म्हणलं नाय. अन् घर किती रिकामं झालं." मी दुसरी पास, मला व्याकरण-बिकरण कळत नाही. पण कुणी मला गोड बोललं की त्यातलं गोड किती अन् बोलणं किती, हे मला आक्कांमुळं कळायला लागलं. संसारात त्याचा लई उपयोग होतो. जावा असतील तर जास्तच.

अन् एक रीत त्यांनी लावली ती शेवटपर्यंत पाळली. ज्या घरी वाचायला जायच्या तिथं आधी विचारायच्या, "सून जेवली का?" हो म्हटल्याशिवाय पुस्तक उघडायच्या नाहीत. पहिल्यांदा लोकांना राग यायचा. पुढं पुढं असं झालं की शुक्रवारी आक्का यायच्या म्हणून गल्लीतल्या सुना सासूच्या आधी जेवायला लागल्या. कुठल्याही पोथीनं हे केलेलं मी पाहिलं नाही.

लक्ष्मीबाई गेल्या, जैतुनबी गेली. टीव्ही आला, तशा शुक्रवारच्या बाया पांगल्या. शेवटी उरलो आम्ही दोघी, द्वारका अन् मी. आक्का ऐंशीच्या घरात, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, तरी वाचनालयाचं पुस्तक बदलायला त्याच जायच्या. आता सभासदत्व त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं, ह्याचा त्यांना अभिमान. कुणी म्हटलं, मी आणून देते, तर म्हणायच्या, "तुला काय कळतंय कोणतं कसं बोलतंय."

त्या गेल्या एका रविवारी सकाळी, झोपेतच. त्याच्या आधीचा शुक्रवार मला नीट आठवतो, कारण आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आक्का रिक्षानं गुलमंडीला गेल्या, पुस्तक दिलं, तिथल्या मुलीला नेहमीचं विचारलं, "ह्ये नवं कोणत्या तोंडानं बोलतंय गं?" तिला सवय झाली होती. म्हणाली, "आजी, वरून हसरं आहे. आतलं तुम्हीच बघा." पुस्तक पिशवीत घातलं अन् तिथून द्वारकेकडं आल्या. मी आधीच बसले होते, हे मला त्यांनीच सांगितलं.

तेवढ्यात द्वारकेची नातसून वाळूजहून आली. कंपनीची पहिली पाळी करून, बसनं. खांद्याची पिशवी खुंटीला लावली अन् सरळ ओट्याशी गेली, कणकेचा डबा काढायला.

आक्का म्हणाल्या, "ही जेवली का?"

"आक्का, ती कंपनीतच खाऊन येती," द्वारका म्हणाली.

"मी तिला विचारलं."

पोरगी हसली. "खाल्लं की आजी. दुपारी, थोडंसं."

"थोडंसं," आक्का म्हणाल्या. त्या एका शब्दाला त्यांनी असा काही सूर लावला की द्वारका मुकाट्यानं उठली अन् ताट वाढायला गेली. नातसुनेला हाताला धरून खाली बसवलं. वरण, भाकरी, भेंडीची भाजी. पोरीला खरंच भूक लागलेली होती.

आक्का थांबल्या. भाकरी निम्मी झाली तेव्हा चष्मा पदरानं पुसला, दोरा कानामागं नीट केला अन् पुस्तक उघडलं.